गडचिरोलीत मतदान भरघोस होतं, मग 'नोटा'लाही हजारो मतं का पडतात?

19 एप्रिल 2024. लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात गडचिरोली-चिमूरमध्ये मतदान होतं. आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या चार विधानसभा क्षेत्रांत सुरक्षेमुळे वेळ दुपारी 3 पर्यंतचीच. काही केंद्रांवर तर कर्मचारी आणि मशिन हेलिकॉप्टरने न्यावे लागले. तरीही मतदारसंघात जवळपास 72 टक्के मतदान झालं. त्याच दिवशी नागपुरात मतदानाला 6 वाजेपर्यंत वेळ होता आणि आकडा 54 टक्क्यांच्या आसपास राहिला.

आता दुसरा आकडा बघा. 2014 च्या लोकसभेला याच मतदारसंघात 24 हजारांहून जास्त लोकांनी 'नोटा' दाबलं, राज्यात सर्वाधिक. 2019 मध्येही इथला आकडा 24 हजारांच्या वरच राहिला.

म्हणजे केंद्रापर्यंत यायचं, रांगेत उभं राहायचं आणि कुणालाच मत द्यायचं नाही. नवीन बटण नीट न समजल्याने काही मतं तिकडे गेली असतील, पण सगळं त्यावर ढकलता येत नाही. इथल्या बऱ्याच मतदारांकडे तुलना करायला आणखी एक मत आहे. ते म्हणजे ग्रामसभेतलं.

ग्रामसभा म्हटलं की आपल्याला 26 जानेवारीची सही आठवते. इथे प्रकरण वेगळं आहे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे 70 टक्के भाग जंगल आहे आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने त्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरचा हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनविभागाचा, आणि तो काही मिळेना. कारण वनविभागाच्या लेखी बांबू म्हणजे झाड! अखेर 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक देवाजी तोफांच्या हातात दिलं. तेव्हापासून परवाना ग्रामसभा देते.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा विरोध असला तरी चर्चा पुन्हा सुरू. लोकसभेला तुमचं मत लाखांमधलं एक असतं, इथे तुमची एक हरकत ठराव अडवते. ही सवय लागलेला माणूस उमेदवाराच्या भाषणाकडे कसा बघत असेल?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण तर मला जास्त भारी वाटतं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला 2012 मध्ये 1006 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न सुरू झालं, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ग्रामसभेने ठरवलं. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात आणि माणसांना-पाखरांना फळं मिळत नाहीत. हातात येणारा पैसा गावाने स्वतःहून सोडला. असा मुद्दा तुम्ही कुठल्या जाहीरनाम्यात वाचलाय?

खाणींचा विषय आला की मात्र या मताची मर्यादा दिसते. एटापल्ली-भामरागड भागातल्या ग्रामसभांनी सुरजागडच्या लोहखनिज खाणीला विरोध केला, तरी खाण सुरू झाली. मग 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ग्रामसभांनी थेट स्वतःचे उमेदवार उभे केले. त्यातले सैनू गोटा आणि ॲड. लालसू नोगोटी निवडूनही आले. 'नोटा'ने जे सांगता येत नव्हतं, ते सभागृहात जाऊन सांगायची सोय झाली.

ती सोय पाच वर्षं टिकली. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आला आणि पुढची तीन वर्षंही निवडणूक झाली नाही. तेंदूचा हंगाम मात्र दर उन्हाळ्यात येतो, आणि पत्ता कुणाला विकायचा हे ठरवायला ग्रामसभा बसतातच.