लेव्होडोपा: वेळेला बांधलेले औषध

पार्किन्सनच्या आजारावरचे सर्वांत परिणामकारक औषध आजही लेव्होडोपा हेच आहे. मध्यमेंदूतल्या काळसर पेशींच्या एका लहानशा पट्ट्यात डोपामीन हे रसायन तयार होते. हालचालीची सुरुवात आणि तिचा वेग त्यावर अवलंबून असतो. या पेशी नष्ट होत गेल्या की हात थरथरतो, अंग ताठरते, सदऱ्याचे बटण लावायलाही वेळ लागतो. बाहेरून थेट डोपामीन देऊन उपयोग होत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते आत सोडत नाही. लेव्होडोपा हा अडसर ओलांडते आणि पलीकडे गेल्यावर त्याचे डोपामीन बनते.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निपचित केलेल्या सशांना डोपा टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात पुन्हा हालू लागले. (रिसर्पिन हे सर्पगंधेच्या मुळातून मिळणारे द्रव्य, या कथेतला एक दुवा असा भारतीय वनस्पतीशी जोडलेला आहे.) माणसांना ते देणे मात्र सोपे नव्हते. मळमळ आणि उलट्यांनी रुग्ण हैराण होत. अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती सावकाश वाढवत नेली तर शरीर औषध पेलते, हे अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. आजही डॉक्टर अर्ध्या गोळीपासून सुरुवात करतात, ती याच अनुभवातून. आठवडाभरात फरक दिसला नाही म्हणून मात्रा परस्पर वाढवणारे रुग्ण हा अनुभव विसरत असतात.

एकटे लेव्होडोपा दिले तर त्यातला बहुतेक भाग मेंदूपर्यंत पोचण्याआधीच डोपामीन होऊन वाया जातो, आणि मळमळ होते ती मुख्यतः या बाहेरच्या डोपामीनमुळे. म्हणून गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते. ते मेंदूबाहेरचे हे रूपांतर रोखते आणि स्वतः मेंदूत शिरत नाही. भारतात मिळणाऱ्या गोळ्यांच्या नावापुढे ११०, १२५, २७५ असे आकडे दिसतात. ती दोन औषधांची बेरीज असते. ११० मध्ये १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा, १२५ मध्ये १०० आणि २५, तर २७५ मध्ये २५० आणि २५. मेंदूबाहेरचे रूपांतर नीट रोखायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. दिवसाला १२५ च्या तीन गोळ्या घेतल्या तर ७५ मिळते, ११० च्या तीन गोळ्यांतून फक्त ३०. तेव्हा ‘१२५ संपली आहे, ११० न्या, सारखीच आहे’ हे मेडिकलवाल्याचे म्हणणे लेव्होडोपापुरते खरे असले तरी पोटाच्या दृष्टीने खोटे ठरते. पाकिटावर सीआर लिहिलेली गोळी आणखी वेगळी. ती सावकाश विरघळते आणि तिच्यातले औषध साध्या गोळीपेक्षा कमी प्रमाणात शोषले जाते. त्यामुळे साध्या गोळीऐवजी ती परस्पर घेऊ नये, आणि गिळणे जड जाते म्हणून चावू किंवा कुटूही नये.

गिळलेली गोळी जठरात शोषली जात नाही. ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचावी लागते, आणि पार्किन्सनमध्ये जठर रिकामे व्हायलाच उशीर लागतो. त्यात भरपेट जेवण असेल तर गोळी तासभर वरच अडकून पडते. दुसरी अडचण प्रथिनांची. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना प्रथिनांतली अमिनो आम्ले जो मार्ग वापरतात, तोच मार्ग त्यालाही लागतो. दूध, दही, पनीर, उसळ, अंडी, मासे यांच्यासोबत घेतलेली गोळी म्हणूनच फिकी पडते. साधा नियम असा की गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी. सकाळची गोळी दुधाच्या कपासोबत घ्यायची सवय अनेक घरांत असते, ती मोडावी. सुरुवातीच्या दिवसांत रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत एखादे बिस्किट किंवा केळे चालते. प्रथिने बंद करण्याचे मात्र कारण नाही. या आजारात वजन आणि स्नायू आधीच घटत असतात. ज्यांना दुपारच्या जेवणानंतर गोळी लागूच पडत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डाळी-उसळींचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यावा. रक्तवाढीसाठी लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लेव्होडोपात निदान दोन तासांचे अंतर हवे, कारण लोह त्याला आतड्यातच बांधून ठेवते.

रक्तातले लेव्होडोपा दीड तासात निम्म्यावर येते. तरी पहिली काही वर्षे दिवसाला तीन गोळ्यांवर भागते, कारण उरलेल्या पेशी आलेले डोपामीन साठवून पुरवून वापरतात. घरात टाकी असली की नळाला पाणी दोनच वेळा आले तरी कळत नाही. टाकी गेली की नळ चालू असेल तेवढाच वेळ पाणी. आजार वाढतो तसे हेच घडते. पुढच्या गोळीआधीच अंग जड होते, पाय जमिनीला चिकटतात, आणि गोळी अंगात पुरती भिनल्यावर उलट मान, हात, धड आपोआप वळवळू लागतात. ही वळवळ म्हणजे आजाराचा कंप नव्हे. तिला कंप समजून आणखी गोळी घेतली तर वळवळ वाढते. कोणत्या वेळी गोळी घेतली, ती केव्हा लागू झाली, केव्हा उतरली आणि वळवळ कधी झाली, याची चार दिवसांची नोंद वहीत असली तर डॉक्टरांना मात्रा बदलायची की फक्त वेळा, हे ठरवता येते. एखादी गोळी विसरली तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

एवढे सगळे सांभाळूनही प्रकृती अचानक ढासळते, तेव्हा दोष बहुधा दुसऱ्याच एखाद्या गोळीत सापडतो. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे हे नेहमीचे उदाहरण. आजारानेही रक्तदाब घसरतो, लेव्होडोपानेही घसरतो, आणि त्यात रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असते. घरचे मेडिकलमधून ‘चक्करची गोळी’ आणतात. तिच्यात सिनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन असले तर ते मेंदूतल्या डोपामीनच्याच कामात अडथळा आणते. चक्कर तर जात नाहीच, चालही थांबते. अर्धशिशीसाठी दिले जाणारे फ्लुनारिझिन याच जातीचे. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइडही टाळायचे. त्याऐवजी डोम्पेरिडोन देतात, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही. हृदयविकार असलेल्यांनी मात्र तेही विचारूनच घ्यावे. सर्वांत फसवी म्हणजे पित्ताची जोडगोळी. आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत तिच्यात कधी डोम्पेरिडोन असते, कधी लेव्होसल्पिराइड. दुसरे घेऊन पार्किन्सन नसलेल्या माणसातही पार्किन्सनची लक्षणे उमटू शकतात, आणि औषध थांबवल्यावर ती ओसरायला काही महिने लागू शकतात. पाकिटावरचे ठळक नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचायची, ती यासाठी.

भास होऊ लागले तर गोंधळ आणखी वाढतो. कोपऱ्यात माणसे दिसतात म्हणून हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन सुरू केले तर रुग्ण लाकडासारखा ताठरतो. आधी भास वाढवणारी इतर औषधे कमी करून पाहावी लागतात; कंपावर दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल त्यात पहिले, कारण उतारवयात ते स्मरणशक्तीही बिघडवते. तरीही गरज पडली तर क्वेटियापीन किंवा क्लोझापीन यांचा विचार मेंदूविकारतज्ज्ञ करतात.

लेव्होडोपासोबत दिल्या जाणाऱ्या औषधांचीही आपापली कुलक्षणे आहेत. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांनी दिवसा अचानक झोप लागते, तेव्हा गाडी चालवण्याआधी विचार हवा. काही जणांना त्यातून जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा किंवा कामवासनेचा अनावर ओढा लागतो. हा स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम असतो. घरचे लाजेने तो लपवतात आणि मात्रा तशीच चालू राहते. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असताना डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी घेऊ नये. एन्टाकापोनने लघवी नारिंगी-तांबूस होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा नैसर्गिकरीत्याच असते. ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ म्हणून त्याचे चूर्ण गोळ्यांसोबत घेणे म्हणजे न मोजलेली मात्रा वाढवणे. चमचाभर चूर्णात औषध किती, हे पाकिटागणिक बदलते. ज्यांना ते घ्यायचेच आहे त्यांनी निदान डॉक्टरांपासून लपवू नये.

लेव्होडोपा एकाएकी बंद करणे हे या औषधाबाबतचे सर्वांत मोठे संकट. तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा, शुद्ध हरपणे अशी जीवघेणी अवस्था त्यातून उद्भवू शकते. गोळ्यांचा साठा संपण्याच्या आठवडाभर आधी नवे पाकीट घरात असावे. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नसते. रुग्णालयात दाखल झाल्यावर हा धोका जास्त असतो, कारण वॉर्डातल्या औषधवाटपाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि रुग्णाच्या गोळीच्या वेळा वेगळ्या. ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा त्याच्या नेहमीच्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळावे, असा निकष आहे. आपल्याकडे ही जबाबदारी बहुतेक वेळा सोबतच्या नातेवाइकावर येते. त्याने वेळांचा कागद पहिल्याच दिवशी परिचारिकेच्या हाती द्यावा. शस्त्रक्रियेआधी ‘काही खायचे-प्यायचे नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत द्यायची का आणि गिळता येत नसेल तर नळीवाटे कशी द्यायची, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारावे.