फौजीच्या घरातल्या ताईंसाठी अर्धा तास

ताईंनो, फौजी निवृत्त होऊन घरी आले की गाव सत्कार करतं. पण त्यांची उडालेली झोप, आवाजाला दचकणं, चिडचिड, वाढलेली दारू हे घरातली बाईच सोसते. यात तुमचा दोष नाही.

बैठकीत बचत जमा झाली की माजी सैनिकांच्या पत्नींनी अर्धा तास वेगळं बसा. एकीने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. लगेच सल्ला नको. "आमच्याकडे पण असंच होतं," एवढं ऐकलं तरी जीव हलका होतो. तिथलं बोलणं तिथंच ठेवा.

मात्र घरात कुणी जीव द्यायची भाषा केली, तर गप्प राहू नका. टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालतो. मारहाण होत असेल तर ११२. पेन्शन, ईसीएचएस कार्डाच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोघी-तिघी मिळून जा.