बाळाच्या काचबिंदूची शस्त्रक्रिया : डोळ्यात रक्त दिसले तर?

तान्ह्या बाळाचे डोळे मोठे, टपोरे दिसले की घरात कौतुक होते. पण डोळा दिवसेंदिवस मोठा होत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, पाणी गळत असेल आणि बाळ उजेडात डोळे घट्ट मिटत असेल, तर तो काचबिंदू असू शकतो. यात डोळ्यातील पाण्याचा दाब वाढून नजरेची नस खराब होते. गेलेली नजर परत येत नाही. जन्मजात काचबिंदूवर थेंबांचे औषध सहसा पुरे पडत नाही; मुख्य उपाय शस्त्रक्रियाच.

‘डोळ्यातून रक्त आले तर?’ या भीतीने पुष्कळ घरांत शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. म्हणून हे रक्त कशाचे, ते समजून घेऊ.

डोळ्यातील पाण्याचा निचरा होण्याची वाट पुढे बारीक शिरांना जोडलेली असते. गोनिओटॉमी किंवा ट्रॅबेक्युलोटॉमी या शस्त्रक्रियांत ही वाट मोकळी करतात. दाब उतरला की शिरांतले थोडे रक्त उलटे आत येते आणि बुबुळामागे लाल थर दिसतो. डॉक्टर त्याला हायफिमा म्हणतात. हे नेहमी आढळते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप जिरते. रक्त जास्त असेल, दाब वाढला किंवा ते जिरलेच नाही, तर डॉक्टर डोळा धुऊन ते काढतात. लहान वयात नजर फार दिवस झाकलेली राहिली तर डोळा आळशी होतो, म्हणून ठरलेली तपासणी चुकवू नये.

दुसरा रक्तस्राव क्वचित होतो, पण गंभीर असतो. दाब एकदम उतरला तर डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली रक्त साचते आणि नजर जाऊ शकते. फार मोठा झालेला डोळा आणि चेहऱ्यावर जन्मतः लालजांभळा डाग असलेली मुले यांत हा धोका अधिक. त्या डागाबरोबर स्टर्ज-वेबर हा आजार असू शकतो.

डॉक्टरांना आधीच सांगा : घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, बाळाला कोणती औषधे चालू आहेत, सिकलसेल आहे का. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आढळतो. अशा मुलात थोडे रक्तही निचऱ्याची वाट बंद करू शकते आणि दाब उतरवण्याची काही औषधेही जपून द्यावी लागतात.

घरी आल्यावर डोळ्यावरची जाळी काढू नका, बाळाला डोळा चोळू देऊ नका, डोके थोडे उंच ठेवून झोपवा. दुखण्यावरचे औषध मनाने देऊ नका. सुरमा, मध, गुलाबपाणी काहीही डोळ्यात घालू नका. रक्त वाढू लागले, बाळ सारखे रडू लागले, दूध घेईना, उलट्या झाल्या किंवा सुस्त पडले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

जिरणाऱ्या रक्ताला भिऊन शस्त्रक्रिया टाळू नका. काचबिंदू तसाच राहिला तर बाळाची नजर जाते.