पूर्णेच्या कांठाहून दिल्ली-आग्र्याकडे

येलदरी हें परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांतील, पूर्णा नदीच्या कांठचें गांव. १९६८ सालीं पुऱ्या झालेल्या धरणामुळें त्याचें नांव बाहेरच्या लोकांस ठाऊक झालें. या गांवचा किंवा आसपासच्या खेड्यांतला विद्यार्थी उत्तर हिंदुस्थानच्या सहलीस निघाला म्हणजे त्याच्या मनांत सामान्यतः एवढीच कल्पना असते कीं, आपण फार दूरच्या व आपला कांहींएक संबंध नसलेल्या मुलखांत जात आहों. तेथें ताजमहाल आहे, कुतुबमिनार आहे, तो पाहावा, छायाचित्र काढावें आणि परत यावें. आमच्या मतें ही कल्पना मुळांतच चुकीची आहे. दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर हीं शहरें आणि आपला मराठवाडा यांच्यामध्यें सहाशें-सातशें वर्षें सैन्यांची, कारागिरांची, विद्वानांची व संतांची ये-जा चालू होती. त्या वाटेच्या खुणा कोठें दिसतात व त्या कशा ओळखाव्या, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

जुनी इमारत पाहणें ही एक विद्या आहे, आणि तिचा पहिला धडा घेण्यास दिल्लीस जाण्याची गरज नाहीं. औंढा नागनाथाचें देऊळ येलदरीहून जवळ आहे. (हिंगोली हा निराळा जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला, तोंपर्यंत औंढाही परभणी जिल्ह्यांतच होतें.) या देवळापुढें उभें राहून खालून वर सावकाश पाहावें. खालचा भाग काळ्या दगडाचा व कोरीव मूर्तींच्या ओळींनीं भरलेला. वरचें शिखर चुन्याच्या गिलाव्याचें, पांढरें आणि त्या मानानें साधें. खालचें काम यादवकाळांतलें, वरचें त्याच्या फार नंतरचें. मध्यें मोडतोड झाली व पुढें जीर्णोद्धार झाला, ही सर्व हकीकत कोणीं न सांगतां ती भिंतच सांगते. कोणीं बांधलें, दगड कोठून आणला, कोणीं मोडलें, कोणीं सांधलें, हे चार प्रश्न ज्यास औंढ्याच्या देवळापुढें विचारतां आले त्यास ते लाल किल्ल्यापुढेंही विचारतां येतील. येलदरीच्या विद्यार्थ्यानें यांत पांचवा प्रश्न आपल्या पदरचा मिळवावा: येथें पाणी कोठून येत होतें? धरणाच्या कांठीं वाढलेल्या मुलास हा प्रश्न सुचणें स्वाभाविक आहे, आणि वाटाडे लोक त्याविषयीं क्वचितच बोलतात.

परभणीच्या स्थानकावरून नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस जाते. मनमाड, भुसावळ, बऱ्हाणपूर, भोपाळ, झांशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली अशी वाट धरून दोन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून ती अमृतसरास पोहोंचते. गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं नांदेड येथें निधन पावले. तेथील हुजूर साहिब आणि अमृतसरचें सुवर्णमंदिर यांच्यामध्यें जाणाऱ्या यात्रेकरूंची ही गाडी. वाटेंत लंगरचें जेवण विनामूल्य मिळतें व तें कोणाही उतारूस नाकारीत नाहींत. ऐतिहासिक शहरांची एवढी मोठी माळ एकाच गाडीच्या वाटेवर असावी, हें परभणीकरांचें मोठेंच भाग्य म्हणावयाचें.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, हें या वाटेवरील पहिलें मोठें ठिकाण. येथील बीबी का मकबरा ताजमहालाच्या आधीं पाहावा. मागाहून पाहिल्यास त्याची उगाच कींव येते. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम १६५७ सालीं वारली, तिची ही कबर. ताजमहालाचा मुख्य शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी समजला जातो. मकबऱ्याचा शिल्पकार अताउल्ला हा त्याचाच मुलगा. म्हणजे नमुना घरांतलाच होता, कमी पडला तो पैसा. संगमरवर घुमटास व भिंतींच्या खालच्या पट्ट्यास वापरला. बाकीचें काम आपल्याकडील काळ्या दगडाचें, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. मिनार इमारतीच्या फार जवळ उभे राहिल्यामुळें मधली वास्तु दाटल्यासारखी दिसते. हा दोष ध्यानांत ठेवून आग्र्यास जावें, म्हणजे मोकळ्या जागेचें मोल समजतें. जवळच दौलताबादचा किल्ला आहे. १३२७ सालीं महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें आणिली, तेव्हां दिल्लीचे लोक ज्या वाटेनें दक्षिणेंत आले तिच्या उलट दिशेनें आपण जावयाचें आहे. शहरांत मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं काढलेल्या नहराची व्यवस्था आहे. पांचव्या प्रश्नाचें पहिलें उत्तर तेथेंच मिळतें.

बऱ्हाणपुरास बहुतेक सहली उतरत नाहींत. आम्हांस हें चमत्कारिक वाटतें, कारण ताजमहालाची कथा आरंभ होते ती येथें. दक्षिणेच्या मोहिमेकरितां शाहजहान बऱ्हाणपुरास मुक्काम करून असतां १७ जून १६३१ रोजीं मुमताज महल चौदाव्या बाळंतपणांत वारली. तिला प्रथम तापीच्या पलीकडील झैनाबादच्या बागेंत पुरलें. मग तिचें शव आग्र्यास नेण्यांत आलें. दक्षिणेवरील स्वारी नसती तर ही घटना येथें घडली नसती. याच शहरांत अब्दुल रहीम खानखानान या सुभेदाराच्या काळीं, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचें झिरपणारें पाणी भुयारांतून शहरांत आणिलें. ओळीनें असलेल्या विहिरींनीं त्या भुयारास हवा व उजेड मिळतो. त्यास कुंडी भंडारा म्हणतात. पूर्णेवर बांध घालून पाणी अडविणें ही एक रीत आणि डोंगराच्या पोटांतून तें हळूच वाहवून आणणें ही दुसरी. दोन्ही पाहिलेला विद्यार्थी पुस्तकांतील सिंचनाचा धडा निराळ्या डोळ्यांनीं वाचील.

झांशी व ग्वाल्हेर येथें मराठी माणसास परकेपणा वाटतच नाहीं. झांशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची तांबे, जन्म काशीचा, आणि जून १८५८ मध्यें मृत्यु ग्वाल्हेरचा. तेथें तिची समाधि आहे. ग्वाल्हेरचे शिंदे सातारा जिल्ह्यांतील कण्हेरखेडचे. किल्ल्यावर राजा मानसिंग तोमराचा निळ्या-पिवळ्या चिनी फरशांनीं नटलेला महाल आहे, तो शिंद्यांच्या १८७४ मधील जयविलास राजवाड्यापेक्षां आम्हांस अधिक आवडतो. झुंबरें पाहून डोळे दिपतात एवढेंच.

आग्र्यास मात्र घाई करूं नये. किल्ला अकबरानें १५६५ सालीं बांधावयास घेतला. त्यांतील दिवाण-इ-खासांत १२ मे १६६६ रोजीं शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारीं गेले व अपमान सहन न होऊन बाहेर पडले. पुढें ते पहाऱ्यांत होते ते किल्ल्यांत नव्हे, तर बाहेर, रामसिंगाच्या मुक्कामानजीकच्या आपल्या बिऱ्हाडीं. तेथूनच १७ ऑगस्ट रोजीं ते निसटले. म्हणून किल्ल्यांत त्यांची कोठडी शोधण्याच्या भरीस पडूं नये, व कोणीं दाखविल्यास विश्वास ठेवूं नये. आतां किल्ल्याच्या अमरसिंग दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे.

ताजमहालाचें काम १६३२ सालीं सुरू झालें. मुख्य कबर सुमारें १६४८ पर्यंत, आणि सभोंवतालचें सर्व काम १६५३ पर्यंत पुरें झालें. संगमरवर राजस्थानांतील मकराण्याचा. येथें वाटाडे हटकून सांगतात कीं, बादशहानें कारागिरांचे हात तोडविले. या गोष्टीस त्या काळच्या कोणत्याही लेखाचा आधार नाहीं. उलट उस्ताद अहमद लाहोरी यासच १६३९ मध्यें दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामावर नेमलें होतें. हात तोडणारा धनी पुढचें काम कोणाकडून करून घेईल, एवढा विचार तरी ऐकणाऱ्यानें करावा. आमचा पांचवा प्रश्न येथेंही विसरूं नये. बागेंतील कारंज्यांस लागणारें यमुनेचें पाणी बैलांच्या मोटांनीं उपसून उंच हौदांत चढवीत आणि तेथून नळांवाटे सोडीत. परभणीच्या शेतकऱ्याच्या आजोबांनीं जी मोट हांकली तीच जगांतील सर्वांत प्रसिद्ध बागेस पाणी पाजीत होती, हें कळल्यावर ती इमारत थोडी जवळची वाटूं लागते.

आग्र्याहून सुमारें ३५ किलोमीटरांवर फत्तेपूर शिक्री आहे. अकबरानें १५७१ पासून ती वसविली व १५८५ मध्यें सोडली. तिच्या बुलंद दरवाजावर १६०१ सालच्या खानदेश-दख्खनच्या विजयाचा लेख आहे. बऱ्हाणपुरावरून आलेल्या प्रवाशानें तो लेख चुकवूं नये. त्या विजयाचा मुलूख तो नुकताच गाडीच्या खिडकींतून पाहून आलेला असतो.

दिल्लींत प्रथम हुमायूनची कबर पाहावी, कारण ताजमहालाच्या आधींची पायरी ती. ती १५७० च्या सुमारास झाली. मग कुतुबमिनार. त्याच्या जवळील मशिदीचे खांब निरखून पाहिले तर त्यांवर घंटा व सांखळ्या कोरलेल्या दिसतात. ते देवळांचे खांब आहेत, व सत्तावीस देवळांचें सामान वापरल्याचें त्या मशिदीच्या दारावरील लेखच सांगतो. औंढ्याच्या भिंतीपुढें शिकलेला धडा येथें उपयोगीं पडतो.

लाल किल्ल्यांतील दिवाण-इ-खासविषयीं आम्हांस अधिक सांगावयाचें आहे. या दालनाचें छत चांदीच्या पत्र्याचें होतें. मयूरासन १७३९ सालीं नादिरशहानें नेलें, हें वाटाडे रागानें सांगतात व ऐकणारेही रागावतात. परंतु छताची राहिलेली चांदी १७६० सालीं सदाशिवरावभाऊंच्या फौजेनें काढली आणि तिचीं नाणीं पाडलीं. सुमारें नऊ लाख रुपये निघाले असें सांगतात. पानिपताकडे निघालेल्या त्या फौजेस पगार देण्यास पैसा नव्हता व दाणावैरण मिळत नव्हती, हें कारण खरें. सूरजमल जाटास तें कृत्य रुचलें नाहीं, हेंही तितकेंच खरें. आज दिसतें तें छत लांकडी व मागाहूनचें आहे. कोणीं मोडलें, हा प्रश्न विचारावयाचा तर त्याचें उत्तर आपल्या घरचें असतांही ऐकावें लागतें. त्याच किल्ल्याशीं मराठ्यांचा दुसराही संबंध आहे: जानेवारी १७७२ मध्यें शाह आलम बादशहास मराठ्यांनीं दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसविलें; गुलाम कादिरानें १७८८ सालीं त्याचे डोळे काढल्यावर महादजी शिंद्यांच्या फौजेनें त्या दुष्टास पकडलें; आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजीं जनरल लेकनें शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला तेव्हां दिल्ली इंग्रजांच्या हातीं गेली. एकच दालन पाहतांना हीं सर्व वर्षें डोळ्यांपुढें आणावीं.

दिल्लीहून पुढें गाडी जुन्या रणभूमीच्या मुलखांतून जाते. १४ जानेवारी १७६१ चें पानिपत सर्वांस ठाऊक आहे. काला आंब येथें स्मारक आहे. तेथें पाहण्याजोगी भव्य वास्तु कांहींच नाहीं, आणि तें बरेंच झालें.

काशीस जावयाचें तर वाट निराळी धरावी लागते. तरी पैठणच्या भट्ट घराण्याचे लोक तेथें जाऊन राहिले, त्यांतील गागाभट्टांनीं १६७४ सालीं शिवाजी महाराजांस राज्याभिषेक केला, आणि विश्वनाथाचें आजचें देऊळ १७८० सालीं अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें, एवढें सांगितल्याशिवाय आमच्यानें राहवत नाहीं.

सहल काढणाऱ्यांस दोन शब्द. ताजमहाल शुक्रवारीं व लाल किल्ला सोमवारीं बंद असतो. डिसेंबर-जानेवारींत धुक्यामुळें गाड्या कित्येक तास उशीर करितात. दिवाळीची सुटी बरी. केंद्रसरकारच्या रक्षणाखालील वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांस तिकीट पडत नाहीं. सात दिवसांत दहा शहरें दाखविण्याची प्रौढी मिरविणाऱ्यांनीं आमच्या मतें चारच दाखवावीं. ज्या बापानें कापूस विकून मुलाची वर्गणी भरली त्याच्या पैशांचें चीज मोटारींत बसून राहण्यानें होत नाहीं.

ज्यांस सवड आहे त्यांनीं अमृतसरपर्यंत जावें. सुवर्णमंदिर व १३ एप्रिल १९१९ च्या हत्याकांडाचा जालियनवाला बाग हीं तर पाहावींच. पण तेथून पुढें गुरदासपूर जिल्ह्यांत घुमान म्हणून गांव आहे, तेंही पाहावें. संत नामदेवांनीं आयुष्याचा उत्तरकाळ तेथें घालविला असें मानतात. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं एकसष्ट पदें आहेत, आणि एप्रिल २०१५ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या पंजाबी गांवीं भरलें होतें. तेथील लोक नामदेवांस आपलेच बाबा म्हणतात. परंपरेनें त्यांचें जन्मगांव मानलेली नरसी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत आहे. येलदरीहून निघून एका दिवसांत ती पाहून परत येतां येतें.