स्टेअरिंग का नाचतं

पन्नासच्या वेगात डावं चाक एखाद्या खड्ड्यात गेलं, की ही जीप अंगात आल्यासारखी थरथरायला लागते. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फटकारतात, स्टेअरिंग हातात ठरत नाही, आणि वेग पंचवीसच्या खाली येईपर्यंत हे थांबत नाही. मग सगळं शांत होतं. पुढे कितीतरी किलोमीटर गाडी सरळ, गुमान चालते. हेच या दुखण्याचं अवघडपण. गॅरेजच्या दारात उभी केली की गाडीला काहीच झालेलं नसतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजात मी हे काम पाहत होतो, तिथे ही जीप गगनबावड्याच्या बाजूने आली होती. खताची पोती, पाण्याचे पाइप, कधी उसाच्या कांड्या असं सगळं वाहणारी शेतावरची फोर-बाय-फोर. पुढे-मागे पाटे आणि पुढेही एकसंध ॲक्सल. ही मांडणी मूळची दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपची. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली आणि डोंगराळ महाराष्ट्राला ती अंगवळणी पडली. चाकांचं अंतर पुढे-मागे ८० इंच, आडवं जेमतेम ४९ इंच. आखूड, अरुंद, उंच. अडचणीतून वाट काढायला उत्तम, पण चूक खपवून न घेणारी.

मालकाने आधीच बरंच करून पाहिलं होतं. टायर नवे, बॅलन्सिंग दोनदा, आणि शेवटी स्टेअरिंगला डॅम्पर. डॅम्पर बसल्यावर काही दिवस थरथर गेली आणि मग पूर्वीपेक्षा जोरात परत आली. मिस्त्रींनी सगळ्यात आधी तो डॅम्परच खोलून बाजूला ठेवला. "ह्यो आजार झाकतोय. झाकला की सापडंल कसा?" मला हे फार पटलं. चांगल्या अवस्थेतल्या गाडीला डॅम्पर जरूर असावा. पण जिथे सांधे ढिले आहेत तिथे तो धक्के स्वतःवर घेत राहतो, आणि मागे झीज चालूच राहते.

ही थरथर नेमकी होते कशी? एकसंध ॲक्सलवर एक चाक उचललं गेलं की अख्खा ॲक्सल तिरपा होतो. वेगाने फिरणाऱ्या चाकाला असं तिरपं केलं की ते वळूही पाहतं. दोन्ही चाकं टाय रॉडने बांधलेली, म्हणून दोन्ही एकदम वळतात. टायर त्यांना परत सरळ आणतो, पण ती मध्यावर न थांबता पलीकडे जातात. सांधे घट्ट असतील तर घर्षणात हा झोका दोन-तीन फेऱ्यांत विरतो. सांध्यांत मोकळीक असेल तर तो वाढत जातो. सत्तर सेंटिमीटर व्यासाचं चाक पन्नासच्या वेगात सेकंदाला सहाच्या थोडं वर फेरे घेतं. तेवढ्याच वेळा त्यातला किरकोळ असमतोल ॲक्सलला ढोसत असतो. ॲक्सलची स्वतःची झुलण्याची लय याच्या आसपास आली, की एक खड्डा पुरतो. म्हणूनच बॅलन्सिंग केल्यावर थरथर कमी झाली, तरी दुखणं गेलं असं मानू नये. ढोसणारा हात तेवढा हलका झालेला असतो.

मिस्त्रींचा तपास टायरपासून सुरू झाला. डोळ्यांनी नव्हे, तळव्याने. टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत आणि आतून बाहेर हात फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं, तर चाकं सरळ न चालता आडवी घासत आहेत. मग जॅक लावून पुढचा ॲक्सल उचलला, खाली घोड्या दिल्या, आणि चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड स्पष्ट होती. पण चाकाच्या बेअरिंगची, की चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या किंगपिनची?

"दाब रं ब्रेक."

"दाबलाय मामा."

चाक पुन्हा हलवलं. प्ले तसाच. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामागचा विचार सुरेख आहे. ब्रेक दाबला की ड्रम मागच्या प्लेटला धरून बसतो, आणि ती प्लेट किंगपिनवर वळणाऱ्या नकलवर बोल्टने बसवलेली असते. म्हणजे चाकाच्या बेअरिंगमधली मोकळीक हिशेबातून जाते. तरीही जे हलतंय, ते किंगपिनमध्ये. इथे अंदाजाने बेअरिंग बदलणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

त्यानंतर गाडी परत चाकांवर उतरवली. पोरगा आत बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहिला आणि मिस्त्री खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंक, पाट्यांचे बुश, शॅकल. वजन चाकांवर असतानाच हे करायचं, कारण उचललेल्या चाकाला प्रतिकारच नसतो आणि ढिला सांधाही निमूट बसतो. डाव्या टाय रॉड एंडमध्ये आणि एका शॅकलच्या बुशमध्ये मोकळीक सापडली. स्टेअरिंग बॉक्सला मात्र त्यांनी हात लावला नाही. बाहेर कुणीतरी त्याचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून ठेवला होता. प्ले दिसला की आधी तो स्क्रू आवळायचा, ही आपल्याकडची सर्रास खोड. त्याने स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि बॉक्स झिजतो.

किंगपिनची बेअरिंग उघडल्यावर कारण हातालाच लागलं. बाहेरच्या कडीत रोलरच्या मापाच्या बारीक खाचा पडल्या होत्या, नेमक्या चाक सरळ असतानाच्या जागी. हे बेअरिंग पूर्ण फिरत कधीच नाही. थोड्याशा कोनात हलत राहतं आणि रस्त्याचा प्रत्येक मार त्याच जागी खातं. नुसत्या शिम काढून ते घट्ट केलं असतं, तर चाक मध्यावर अडखळलं असतं. कडीसकट बेअरिंग बदलली. मग टाय रॉड सोडवून ठेवला, नकलच्या आर्मला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि ओढून पाहिलं: नकल हलत असताना काटा किती दाखवतो ते. वर आणि खाली सारख्याच शिम कमी करत मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवलं. सगळ्यात वेळ या कामाला लागला आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

तरी प्रश्न उरलाच. खाचा एका दिवसात पडत नाहीत. मग थरथर अचानक का सुरू झाली? मालकाने उत्तर सहज बोलता बोलता दिलं. गेल्या पावसाळ्याआधी त्याने गाडी उंच करून घेतली होती. प्रत्येक बाजूला एक जादा पाटा आणि लांब शॅकल.

या गाडीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चासीपासून खाली जातं, ॲक्सल पुढे कलंडतो, आणि किंगपिनचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. मूळ विलीसला कॅस्टर ३ अंश. तोच चाकाला सरळ ठेवतो. इथे तो मोजला तर जवळजवळ संपलेला. झिजलेलं बेअरिंग आधीपासून होतं. कॅस्टर होता तोवर ते निभावलं गेलं.

मालकाची दुसरी तक्रार होती, की वळणावर गाडी फार डुलते. तो ती वेगळी समजत होता. खरं तर दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, ती वाढवलेली उंची. चाकांमधलं आडवं अंतर गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागलं, की गाडी उलटण्याबाबतची पहिली ढोबळ कल्पना येते. १.२४ मीटर रुंदीला गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर धरला तर भागाकार १.०३ येतो, ७० वर गेला तर ०.८९. साध्या मोटारींचा हाच आकडा साधारण १.३ ते १.५ असतो. करूळ घाटात माल भरून उतरणाऱ्या गाडीसाठी हे दहा सेंटिमीटर म्हणजे जिवाचा प्रश्न आहे.

आणि गाडी उलटते ती नुसत्या उंचीने नाही. अमेरिकी सैन्याची एम-१५१ विलीसपेक्षा रुंद होती आणि तिचा गुरुत्वमध्यही खाली होता. तरी जोराच्या वळणावर तिचं मागचं चाक पोटाखाली दुमडायचं, मागची बाजू उचलली जायची आणि गाडी पालथी व्हायची. अखेर १९७० मध्ये आलेल्या एम-१५१ए२ मध्ये मागच्या सस्पेन्शनची रचनाच बदलावी लागली. जीपच्या साध्या पाट्यांना आपण मागासलेले म्हणतो, पण चाक रस्त्यावर उभं ठेवण्याचं काम ते इमानाने करतात.

मालकाने रुंद ऑफसेटच्या रिम सुचवल्या. मिस्त्रींनी मान हलवली. चाक बाहेर गेलं की किंगपिनच्या रेषेपासून त्याचं अंतर वाढतं, प्रत्येक खड्डा स्टेअरिंगला जास्त लांबीच्या दांड्याने हिसका देतो, आणि आत्ताच दुरुस्त केलेलं दुखणं पुन्हा उभं राहतं. कॅस्टरसाठी ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर घालता येते, पण तिने पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. शेवटी जुने शॅकल परत बसले, जादा पाटे निघाले, टपावरचं कॅरिअर उतरलं. पुढच्या चाकांचं टो-इन दोरी आणि टेपने जुळवलं.

पंचगंगेच्या पुलापलीकडे डॅम्परशिवायच गाडी साठपर्यंत नेली, मुद्दाम खड्ड्यांतून. हिसका आला आणि लगेच विरला. डॅम्पर त्यानंतर बसवला. निघताना मिस्त्रींनी मालकाला बजावलं, की दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की गाडी परत आणायची. पाटे काढून बसवलेत. ते दबून बसतात आणि यू-बोल्ट ढिले होतात. ढिल्या यू-बोल्टवर सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल एका बाजूला सरकतो, आणि मग गाडी तिरकी चालायला लागते.