बुवा... कुक! बाळ नेमकं कशाला हसतं?

आज मागून मधेच कुणाचं तरी खिदळणं ऐकू येईल. एडिटिंगमध्ये काढणार होतो, पण विषयच हसण्याचा आहे, म्हटलं राहू दे.

मागच्या रोवणीतली गोष्ट. आम्ही तुमसर तालुक्यातले, म्हणजे धानाचे लोक. आई दिवसभर बांधीत वाकून संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले, ओसरीवर बसली आणि तोंडावर पदर घेतला. "बुवा..." थोडी थांबली. "कुक!" माझी आठ महिन्यांची पोरगी इतकी हसली, इतकी हसली की तिला उचकी लागली. मी लगेच मोबाइल काढला. फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा होता ना! फोन डोळ्यांसमोर धरून मीही "बुवा कुक" केलं. एकदा, दोनदा, चारदा. पोरगी नुसती बघत राहिली. आई म्हणाली, "कशी हासन ते? तुझं तोंड दिसते का तिले?"

तिथंच ट्यूब पेटली. या खेळात तोंड लपतं आणि परत येतं. माझं लपलं होतं, परत येतच नव्हतं.

हा खेळ जगभर आहे, आणि जुना आहे. उत्क्रांतीवाला चार्ल्स डार्विन आपल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी ठेवायचा. त्या 1877 साली छापून आल्या. त्यात लिहिलंय की मुलगा 110 दिवसांचा असताना त्याच्या तोंडावर एप्रन टाकून झटकन काढलं की त्याला फार गंमत वाटायची. आपल्याकडे पदर, त्यांच्याकडे एप्रन!

साधारण दीड-दोन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसू लागतं. आवाज काढून हसणं तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं. तेव्हा 'कुक'मध्ये निव्वळ अचंबा असतो. पुढे सात-आठ महिन्यांनी बाळाला कळू लागतं की पदराआड आजी आहेच. मग मजा वाट बघण्यात येते. म्हणून आई "बुवा" म्हणून थांबते ना, ते थांबणं महत्त्वाचं. घाई केली की खेळ फसतो. (सहा महिने झाले तरी बाळ हसत नसेल, आवाजाला किंवा चेहऱ्याला प्रतिसाद देत नसेल, तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.)

गुदगुल्यांचंही तसंच. स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत. आपला हात कुठे लागणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे समोर दुसरं माणूस लागतंच. पण एक सांगतो, गुदगुल्यांतलं हसू दरवेळी खुशीचं नसतं. बाळानं तोंड फिरवलं, अंग आखडलं, की थांबायचं. आमच्याकडचे पाहुणे हे ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

आता थोडं जड. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी हसतखेळत बोलते. मग तिनं काही वेळ चेहरा एकदम कोरा ठेवायचा. हसायचं नाही, बोलायचं नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. तरी काही नाही, मग मान फिरवतं, रडतं. 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असाच प्रयोग केला, फक्त कोऱ्या चेहऱ्याऐवजी आईच्या हातात मोबाइल दिला. तिथंही लेकरं बेचैन झाली.

हे वाचलं तेव्हा मला आमची ओसरीच दिसली. रात्री पोरगी मांडीवर आणि अंगठा स्क्रीनवर, असं मी किती वेळा केलंय! तुम्हाला काय बोलू, तुम्हीही मला मोबाइलवरच ऐकताय. पण त्याच प्रयोगात पुढचाही भाग आहे. आई पुन्हा हसून बोलू लागते आणि बाळ परत खेळात येतं. लगेच नाही, थोडं रुसून, पण येतं. ट्रॉनिकचा भर यावरच होता: आईबाप आणि बाळाचा सूर रोजच सुटत असतो, तो पुन्हा जुळवणं महत्त्वाचं.

आता पोरगी दीड वर्षाची झालीय. आजीचा पदर स्वतःच ओढून तोंडावर घेते. पाय उघडे, पोट उघडं, तरी तिच्या मते ती लपलेली असते. मी "कुठं गेली बाप्पा?" म्हणत सगळी ओसरी शोधतो. त्या हसण्याचा व्हिडिओ अजून झालेला नाही. ऐका, दाराआडून "बुवा" आलं बघा. थांबतो आता, माझी पाळी आहे.