कायोटी मारण्याच्या स्पर्धा

अमेरिकेत कायोटी (लांडग्याच्या कुळातला, त्याहून लहान प्राणी) मारण्याच्या स्पर्धा भरतात. सर्वाधिक किंवा सर्वांत वजनदार कायोटी मारणाऱ्याला बक्षीस मिळते. यामुळे कायोटी कमी होतात, असा समज आहे. पण कळपात बहुधा प्रमुख जोडीलाच पिल्ले होतात. ती जोडी मारली गेली की कळप फुटतो आणि इतर माद्याही विऊ लागतात. तुळशीचा शेंडा खुडल्यावर बाजूने फांद्या फुटाव्यात, तसेच हे. कायोटींमुळे होणारे मेंढपाळाचे नुकसान खरेच आहे. त्याला राखणीची कुत्री, कुंपण आणि गरज पडल्यास नेमक्या उपद्रवी जनावराचा बंदोबस्त हवा. स्पर्धेच्या वजनकाट्यावर मात्र मेंढी कोणी मारली, हे कोणी विचारत नाही. या स्पर्धांना विरोध म्हणजे सगळ्या शिकारीला विरोध नव्हे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली; परवान्याची शिकार तिथे आजही चालते.